चिमटा नसताना

आमच्या घरात दोन पंथ होते, सिमेंटवाले आणि मातीवाले. नवरा सिमेंटवाला, धाकटा दीर मातीवाला. भांडण खेळण्यातल्या गाड्यांवरून, आणि भांडणारे दोघेही मिशा फुटलेले, कमावते पुरुष. ऐंशीच्या दशकात रिमोटवर चालणारी गाडी बोरीवलीत किती जणांनी पाहिली असेल? बोटीवर नोकरी करणाऱ्या मामेभावाने दोघांना एकेक आणून दिली आणि माझ्या रविवारांची वाट लागली.

नवऱ्याला मी समोर अहो-जाहो करायचे. इथे लिहिताना तो म्हणते, नाहीतर राग नीट उतरत नाही. तो कांदिवलीच्या एका कारखान्यात लेथवर होता. त्याची गाडी चपटी, पोट जमिनीपासून दोन बोटं वर, चाकं गुळगुळीत. आमच्या बिल्डिंगच्या मागे सिमेंटचं अंगण होतं. तिथे तो खडूने वळणं आखायचा आणि रेघेला न शिवता गाडी फिरवायचा. दीर टेलिफोनच्या तारा जोडायच्या कामावर. त्याची बग्गी उंच, काटेरी चाकांची, खड्ड्यात पडली तरी उडी मारून बाहेर येणारी. अंगण संपलं की मुरुमाचं मैदान होतं, मैदान संपलं की बंद पडलेली दगडाची खाण, पाण्याने भरलेली, आणि तिच्यामागे जंगल. दीर म्हणायचा, "दादा, फरशीवर कोण पण चालवेल रे. मातीत ये ना." नवरा म्हणायचा, "मातीत नशीब चालतं, हात नाही." हे दर रविवारी, जेवण थंड होईपर्यंत.

पण दोघांना एकदम गाडी चालवता येत नव्हती, आणि ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. दोन्ही गाड्या एकाच लॉटमधल्या, त्यामुळे दोघांचे क्रिस्टल सारखे. क्रिस्टल म्हणजे नखाएवढा तुकडा. रिमोट कुठल्या लहरीवर बोलणार ते तो ठरवतो. दोघांचे क्रिस्टल एक असले आणि दोघांनी बटण चालू केलं, तर गाडीला कळत नाही कुणाचं ऐकायचं. म्हणून त्यांनी चिमट्याचा नियम केला होता. चिमटा माझ्याच कपड्यांच्या दोरीवरचा, लाकडी, त्याला लाल रंग फासलेला. ज्याच्या रिमोटच्या एरियलला चिमटा, त्यानेच बटण चालू करायचं. दुसऱ्याने बोटसुद्धा लावायचं नाही. त्या घरात देवाची शपथ मोडली असती एक वेळ, पण चिमट्याची कुणी मोडली नसती, असं मी समजून होते.

शर्यतसुद्धा मग आळीपाळीने, घड्याळ लावून. भाद्रपदातल्या एका रविवारी त्यांनी कायमचा निकाल लावायचं ठरवलं. अर्धा रस्ता सिमेंटवर, अर्धा मातीत. कमी वेळ घेईल तो जिंकला. मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. नवऱ्याची फेरी झाली होती. दिराची बग्गी मातीतून सुसाट चालली होती आणि ती जिंकणार हे मलाही वरून दिसत होतं. अचानक ती खाणीच्या बाजूला वळली, सरळ गेली आणि काठावरून दिसेनाशी झाली. दीर हसला. मला वरपर्यंत ऐकू आलं ते हसणं. मग तो खाणीत उतरला, त्या हिरव्या पाण्यात दोन बुड्या मारल्या आणि गाडी घेऊन वर आला. "वहिनी, आल्याचा चहा टाक," घरात शिरता शिरता म्हणाला. केसांना शेवाळ लागलेलं.

महिन्याभराने त्याला कावीळ झाली. हॉस्पिटलात अकरा दिवस काढले आणि गेला. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आली असणार. आता पाणी काय, हॉटेलचं असेल, नळाचं असेल. नवरा काही बोलला नाही. मला वाटलं, दुःख आहे, बोलेल हळूहळू. तो बोललाच नाही.

सासूबाईंचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेलेले. ऑपरेशन करायचं ठरत होतं, पण मुलगा गेल्यावर म्हणाल्या, आता काय बघायचं राहिलं. भिंत चाचपत मोरीपर्यंत जायच्या. ऐकू मात्र इतकं तिखट, की खालच्या मजल्यावर कुणी कपात चमचा फिरवला तरी त्यांना कळायचं. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या. दिराचा रिमोट त्यांनी स्वतःच्या उशीजवळ ठेवला होता. आम्ही कुणी त्याला हात लावला नाही. आईचं मन आहे, असू दे.

होळीच्या सुमाराला नवऱ्याने आपली गाडी परत काढली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. रविवारी जेवण झालं की तो एकटाच अंगणात जायचा. पहिल्या रविवारी अर्ध्या तासात परत आला. म्हणाला, "गाडी ओढ खाते." मी म्हटलं, मग दुरुस्त करा. त्याने स्टिअरिंग उघडलं, गिअर उघडले, नवी तार टाकली. पुढच्या रविवारी तेच. सिमेंटवर चाललेली गाडी मध्येच थरथरायची आणि मातीकडे तोंड करायची. सिमेंटची गाडी ती, मातीत पोट घासतं तिचं. तरी जायची.

तिसऱ्या रविवारी तो घरी आला तेव्हा चेहरा राखेसारखा झालेला. ताटावर बसला आणि अगदी हळू म्हणाला, "मी रिमोट बंद केला होता. तरी चालत होती."

मी त्याला झापलं. उन्हात उभे राहता, डोकं तापतं, दुसरं काय. आजूबाजूला कुणाकडे असेल असाच रिमोट, म्हटलं. तो म्हणाला, मी बघितलं. बोरीवली ते दहिसर हा नाद असलेले सहा जण, सहाही जणांना विचारलं, कुणाचा क्रिस्टल हा नाही. मग जेवण अर्धं टाकून उठला. त्यानंतर त्याचं खाणंच उतरलं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरायला लागली. रात्री झोपेत बोटं हलायची, गाडी चालवल्यासारखी. आणि रविवार आला की मात्र घाईघाईने आंघोळ करून तयार. देवळात जाणाऱ्या माणसाला असते ना, तशी घाई. त्या घाईची मला भीती वाटायला लागली.

वैशाखातल्या एका रविवारी मी ठरवलं, आज मी पण जाणार. भांडी तशीच टाकली आणि त्याच्या मागे जिना उतरले. दुपारचा एक वाजला असेल. सगळ्या बिल्डिंगची दारं बंद, कुत्री सावलीला, मैदानात एक माणूस नाही. आमच्या कोकणात म्हणतात, भर दुपारची वेळ वाईट, रात्रीपेक्षा वाईट. मी असल्या गोष्टी मानत नाही. त्या दिवशी मात्र पदर डोक्यावर घेतला, आणि तो उन्हासाठी घेतला नव्हता.

नवऱ्याने गाडी सिमेंटवर ठेवली, तिचं बटण चालू केलं आणि रिमोट माझ्या हातात दिला. "बंद आहे. बघून घे," म्हणाला. मी बघितलं. दिवा विझलेला. एरियलसुद्धा आत ढकललेली.

आम्ही उभे राहिलो. दोन मिनिटं काहीच नाही. मी आता बोलणार होते, की बघा, तुमचा भ्रम. तेवढ्यात गाडीची पुढची चाकं डावीकडे वळली. मग उजवीकडे. मग गाडी निघाली. हळू, अगदी हळू, माणूस चालतो त्या गतीने. सिमेंट संपलं तिथे थांबली, खाली उतरली आणि पायवाटेने चालायला लागली. पोटाला खडे घासल्याचा आवाज येत होता. वाटेत एक बाभळीचं खोड आडवं पडलेलं. दीर त्याला नेहमी उजवीकडून वळसा घालायचा, मग एकदा मागे घेऊन पुन्हा पुढे जायचा. उगाच, सवय म्हणून. गाडीने उजवीकडून वळसा घातला. मागे आली. पुन्हा पुढे गेली. माझ्या हातातला रिमोट घामाने ओला झाला होता आणि तो बंदच होता.

गाडी खाणीच्या काठावर जाऊन थांबली. नवरा तिच्या मागोमाग गेला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. चपलांची टोकं काठाच्या बाहेर. खाली ते हिरवं पाणी.

"दर रविवारी थोडी पुढे जाते," तो म्हणाला. "गेल्या रविवारी वीतभर मागे थांबली होती. एक दिवस खाली जाईल. तो उतरला होता ना गाडीसाठी? मग मी पण उतरेन."

त्याला पोहता येत नव्हतं. मी त्याचा दंड पकडला. काय बोललात ते परत बोला, म्हटलं. तेव्हा त्याने सांगितलं. भाद्रपदातल्या त्या शर्यतीत चिमटा भावाच्या एरियलला होता, आणि याने पाठीमागे धरलेला आपला रिमोट चालू केला. दोन सेकंद. "चुकून नाही," तो म्हणाला. "तो जिंकत होता. दोन सेकंद उशीर व्हावा एवढंच मनात होतं. गाडी खाणीत गेली, तो पाण्यात गेला आणि मग कावीळ. आता तो माझं बटण दाबतोय. बरोबरच आहे त्याचं. चिमटा माझ्याकडे नव्हता."

मी त्याला ओढत घरी आणलं. खरोखर ओढत, शर्टाची बाही फाटली. गाडी तिथेच काठावर राहिली. जिना चढताना माझ्या तोंडात काय काय शिव्या येत होत्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत. जिवंत माणूस आठ महिने असलं काही पोटात ठेवतो आणि बायकोला सांगत नाही?

दार लोटलं आणि आम्ही दोघेही तिथेच थांबलो. गॅलरीत सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर दिराचा रिमोट. एरियल पूर्ण ओढलेली, कठड्याच्या गजांतून बाहेर आलेली. लाल दिवा जळत होता. त्यांच्या रेडिओसाठी मी दर पंधरा दिवसांनी पेन्सिल सेल आणत होते, आणि तो रेडिओ महिनाभर वाजलेला नव्हता. हे मला आत्ता सुचत होतं.

म्हणजे भूत नाही, काही नाही, ही म्हातारी! मी जाऊन त्यांच्यापुढे बसले. "आई, हे काय करताय तुम्ही?"

"गरम लागता गो," त्या म्हणाल्या. "चालू केला काय वायंच गरम होता. तेचो हात धरल्यासारखा वाटता."

"पण तुम्ही गाडी कुठे नेत होतात? ती खाणीपर्यंत गेली, माहीत आहे?"

त्यांनी पांढरे डोळे माझ्याकडे वळवले. "मी खंय नेतंय? मी नुसता धरून बसतंय. ह्या दांड्येक मी हात लावणंय नाय."

मी बघितलं. त्यांचे दोन्ही तळहात डब्याच्या दोन बाजूंना होते, आजारी लेकराच्या गालांना लावतात तसे. दांडीजवळ एक बोटही नव्हतं. आणि असतं तरी काय? कठड्यापलीकडचं काही न दिसणाऱ्या बाईने बाभळीच्या खोडाला वळसा कसा घालायचा? मी हा प्रश्न नंतर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला विचारला, एका इंजिनिअरला विचारला. दोघांनी मला वेड्यात काढलं. काढा.

नवरा मात्र हे काही ऐकत नव्हता. तो आईच्या पायाशी बसला आणि सगळं बोलला. चिमटा, दोन सेकंद, खाण. आईला क्रिस्टल काय कळणार, पण त्याने सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाला, "आई, मी त्याला मारला गं."

सासूबाईंनी त्याचं डोकं चाचपलं. "माका म्हायत होता," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"तेना हॉस्पिटलात सांगल्यान. गाडी हिसकली तेवाच तेका कळला, दादाचो हात लागलो. माका म्हणालो, दादाक सांगू नको, तेका कळला तर तो परत गाडी हातात घेवचो नाय. आपली शपथ घातल्यान." मग त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "तू आपणहून सांगशीत म्हणान मी वाट बघी होतंय."

मला त्या मेलेल्या दिराचा इतका राग आला म्हणून सांगू! काठावर उभा राहून हसला तेव्हाच त्याला माहीत होतं. माहीत असून पाण्यात उतरला, चहा प्यायला, मरताना आईला गप्प बसवून गेला. थोरल्याने तोंड उघडलं नाही, म्हातारीने उघडलं नाही. एका घरात तीन माणसं एकमेकांना सांभाळत बसली, आणि त्या सांभाळण्यात माझा नवरा बुडणार होता. मी रडत होते की चिडले होते, मलाच कळत नव्हतं.

नवरा रडला. भाऊ गेला तेव्हा रडला नव्हता, ते सगळं त्या दुपारी आईच्या मांडीवर रडला. मग तोंड धुतलं आणि चपला घालायला लागला. "गाडी राहिली," म्हणाला.

"मी आणते," मी म्हटलं.

"नको. मी आणतो."

काय करायचं? अडवलं असतं तर कायम अडवत बसावं लागलं असतं. मी जाऊ दिलं. तो जिना उतरेपर्यंत मी सासूबाईंच्या मांडीवरचा रिमोट उचलला, बटण बंद केलं, मागचं झाकण काढलं आणि आठच्या आठ सेल मुठीत घेतले. गॅलरीत उभी राहिले. ऊन तसंच होतं. तो मैदान ओलांडत होता, फाटक्या बाहीचा, आणि पुढे काठावर ती गाडी, एवढीशी, काळी. ती हलतेय का म्हणून मी इतकं टक लावून बघितलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो तिच्याजवळ पोचला. उभा राहिला. किती वेळ उभा राहिला, देव जाणे. मग वाकला, गाडी दोन्ही हातांनी उचलली आणि घराकडे तोंड करून चालायला लागला.

सासूबाई आवाजाचा कानोसा घेत होत्या. "इलो?" त्यांनी विचारलं.

"येतोय," मी म्हटलं.