राजाची अडीच घरं

चार फेऱ्या, चार पराभव. पाचवीही हरले असते तर सरकारी कार्यालयांच्या त्या बुद्धिबळ स्पर्धेत शून्यावर मी एकटीच उरणार होते, आणि निकालाचा कागद सोमवारी आमच्या ऑफिसच्या लिफ्टशेजारी लागणार होता. बावन्नाव्या वर्षी ही शोभा! छे!

फरीदाबादच्या हॉलमध्ये समोर एक मिशीवाले गृहस्थ येऊन बसले. लेकीनं महिनाभर माझ्याकडून इटालियन ओपनिंग घोकून घेतली होती. आधी राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट. "आई, बस एवढंच याद ठेव, यार." आईला यार! पण लक्षात राहिलं. पहिल्या सहा चाली मी अशा झटपट केल्या की मिशीवाले सावरून बसले.

तिथे माझी विद्या संपली. थोड्याच वेळात माझा राजा उघडा पडला, पाठीमागे एक हत्ती तेवढा. मी घाबरले. आणि लहानपणी पुण्यात बाबांशी खेळताना घाबरले की जे करायची तेच केलं. राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला. आमच्या घरी डावात एकदा ते चालायचं.

"मॅडम, ये क्या?" मिशीवाल्यांनी हात वर केला. पंच आले. असा नियमच नाही म्हणाले. वर राजाला हात लावलाय, तेव्हा आता राजाच हलवा, तोही एकच घर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राजा मुकाट्यानं परत ठेवला आणि एक घर तिरका सरकवला.

तर काय, मागच्या हत्तीची वाट मोकळी! थेट त्यांच्या राजाला शह! त्यांना वजीर मध्ये घालावा लागला, तो मी खाल्ला. पुढे वीसेक चालींनी त्यांनी हार मानून हात पुढे केला. मी आनंदानं तो हलवतच राहिले.

बाहेर येऊन बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं आणि वर भांडलेसुद्धा. "असला खोटा नियम कशाला शिकवलात?"

"खोटा नाही, जुना आहे. पण मी कधी वापरला का गं?"

आठवून पाहिलं. खरंच, एकदाही नाही.

"तू हरलीस की जेवायची नाहीस. म्हणून तुझ्यापुरता ठेवला होता."

मग बाबांनी विचारलं, "आज जेवलीस ना?"

"जेवतेय, बाबा," म्हटलं, आणि डोळे पुसत समोरच्या गाडीवर छोले-भटुऱ्याच्या दोन प्लेट सांगितल्या. दोन्ही माझ्याच.