कापलेली दोन मिनिटं

गेली वीस-पंचवीस वर्षं तुम्ही सोलापुरात राहिला असाल, तर पंचाक्षरी बिराजदारचा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. माणूस बघितलेला नसेल. भर दुपारी झोपेचा सत्यानाश करत पेठेतनं रिक्षा जायची, तिच्या कर्ण्यातनं "चादरींचा महासेल! आज शेवटचा दिवस!" असं ओरडणारा माणूस म्हणजे हा. शेवटचा दिवस महिनाभर चालायचा ते सोडा, पण आवाज खणखणीत होता, आणि तो कुणाचा आहे हे कधी कुणी विचारलं नाही.

त्याआधी पंचाक्षरीनं दोन वर्षं वकिली शिकून सोडून दिली होती. कॉलेज सुटलं, खोड सुटली नाही. सरकारी अधिसूचना तो लोक पेपरातलं भविष्य वाचतात तशा चवीनं वाचायचा. कुठल्या कारखान्याला पर्यावरण मंजुरी लागते, कुणाला लागत नाही, हरित लवादाकडे अर्ज कसा जातो, हे जेवताना बायकोला ऐकवायचा. काशम्मा बिचारी भाकरी थापत "व्हय की" म्हणायची. पुढे मोबाईलवर पॉडकास्टचं वारं आलं आणि पंचाक्षरीला आपला जन्म कशासाठी झाला ते कळलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या गोदामावर एक खोली मिळाली. भिंतींना त्यानं जाड चादरी टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. रेकॉर्डिंग यंत्रमागांच्या सुट्टीच्या वारी, कारण एरवी आजूबाजूला सगळी खटखट. कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'हवा, पाणी, कायदा'.

पहिले तीन भाग त्यानं स्वतःच्या आवाजात केले. काशम्मानं तिन्ही ऐकले आणि म्हणाली, "अवो, सगळं बरोबर हाय. पण ऐकताना वाटतंय, नदी सेलला काढलीय की काय."

म्हणून धनलक्ष्मी आली. जिल्हा न्यायालयात नवीच वकिली करणारी, अक्कलकोटकडची मुलगी. पंचाक्षरीला पहिल्याच दिवशी 'अण्णा' म्हणाली. पंचाक्षरीनं लिहून दिलं होतं, 'प्रकल्पबाधित क्षेत्रातील रहिवाशांना आपल्या हरकती नोंदविण्याचा अधिकार आहे.' तिनं कागद वाचला, बाजूला ठेवला आणि माईकला म्हणाली, "उद्या तुमच्या विहिरीचं पाणी लाल झालं तर विचारणार कुणाला? कारखाना यायच्या आधीच विचारायची एक जागा आहे. तिला जनसुनावणी म्हणतात." चुलीपुढं बसून शेजारणीशी बोलावं तसं बोलली. पंचाक्षरीच्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी पोटात काहीतरी जळायलाही लागलं. ते पुढची चार वर्षं विझलं नाही.

वर तिचं कन्नड. भाग संपला की शेवटची दोन मिनिटं ती सीमेवरच्या ऐकणाऱ्यांसाठी कन्नडमधनं बोलायची. "केळ्री अक्का, केळ्री अण्णा," म्हणजे ऐका हो ताई, ऐका हो दादा, असं सुरू करायची आणि पुढे जे तोंडाला येईल ते. कन्नड पंचाक्षरीच्याही घरचं. पण सगळी शाळा मराठीत गेल्यामुळे त्याला समजायचं सगळं, बोलताना मात्र जीभ अडखळायची. हिची जीभ कुठंच अडखळत नव्हती. होसवाडी नावाच्या गावात शांतम्मा म्हणून एक बाई पिठाची गिरणी चालवायची. तिथे दळणाला आलेल्या बायका नंबर लागेपर्यंत हा कार्यक्रम मोठ्यानं लावून ऐकायच्या आणि शेवटचं कन्नड तर परत परत लावायच्या. तसं शांतम्मानंच बोलून पाठवलं होतं.

कार्यक्रमाचा फोन पंचाक्षरीकडे असायचा. त्यामुळे सगळं कौतुक वाचायचं कामही त्याच्याच नशिबी. ताईंचा आवाज गोड, ताई किती सोपं करून सांगतात, इथपर्यंत त्यानं सोसलं. मग एक दिवस कुणीतरी लिहिलं, "ताईंचा अभ्यास दांडगा." अभ्यास! राजपत्रं चाळून डोळे याचे गेले, चष्म्याचा नंबर याचा वाढला, आणि अभ्यास ताईंचा! त्या दिवशी तो जेवला नाही. काशम्मानं विचारलं तर पित्त झालंय म्हणाला.

त्याला फार काही नको होतं. निर्मिती पंचाक्षरी बिराजदार, एवढं तिनं एकदा, फक्त एकदा, आपल्या तोंडानं म्हणावं. नाव होतं, पण भागाच्या खाली बारीक अक्षरात. ते उघडून कोण बघतंय? आणि गंमत अशी की नाव घ्यायला तिची ना नव्हतीच. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "अण्णा, शेवटी तुमचं नाव घेऊ ना?" आणि पंचाक्षरी म्हणाला होता, "माझं नाव कशाला गं? नको, नको."

आता आपल्याकडे कुणाच्या घरी गेल्यावर जेवायला बसा म्हटलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. यजमानानं दुसऱ्यांदा म्हणायचं, तिसऱ्यांदा हात धरून पाटावर बसवायचं. पंचाक्षरीनं पहिला नको म्हणून टाकला आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत चार वर्षं बसला. धनलक्ष्मी वकील बाई. नको म्हणजे नको, असं तिनं धरलं. उलट अण्णांना प्रसिद्धीचा सोस नाही म्हणून कोर्टात दहा जणांना कौतुकानं सांगत सुटली.

मग पुण्याच्या एका संस्थेचं बोलावणं आलं. कायद्यावरचे कार्यक्रम लोकभाषेत कसे करावेत, यावर बोलायला. धनलक्ष्मीला. एकटीला. तिनं ते हौसेनं वाचून दाखवलं आणि म्हणाली, "अण्णा, तुमीपण चला की."

"नको, तुझं चालू दे," पंचाक्षरी म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

बरं! परत विचारलंसुद्धा नाही. पंचाक्षरी हसला, चहा मागवला आणि आतनं नुसता पेटला.

त्याच दिवशी होसवाडीच्या भागाचं रेकॉर्डिंग होतं. गावाशेजारच्या डिस्टिलरीला वाढ हवी होती, त्यासाठी जनसुनावणी लागली होती, होसवाडीच्या शाळेच्या पटांगणात. हरकत कशी मांडायची, इतिवृत्तात आपलं बोलणं नोंदवलं गेलं की नाही ते कसं बघायचं, सगळं पंचाक्षरीनं जीव ओतून लिहिलं होतं. धनलक्ष्मीनं छान वाचलं. मग तिला फोन आला. ती बाहेर जाऊन बोलून आली, घाईनं माईकपुढे बसली आणि तिचं कन्नड सुरू झालं. तोवर पंचाक्षरी कानावरचा हेडफोन काढून खाली चहाचे पैसे द्यायला गेला होता. मुद्दामच. तिला कोर्ट गाठायचं होतं. जिन्यातनंच "अण्णा, शेवटचं नीट बघा हं," म्हणून ती निघून गेली.

पंचाक्षरी कॉम्प्युटरपुढे बसला. पडद्यावर आवाजाची पट्टी पसरलेली. त्याच्या मराठीची लांब, तिच्या कन्नडची शेवटी आखूड. शेवटचं नीट बघा म्हणे! गाव डोक्यावर घेतं ते हे शेवटचं, आणि मी लिहिलेलं काय वाटेवर पडलंय? एकदा तरी हिच्या या गोडव्याशिवाय माझा भाग जाऊ दे, बघू लोक काय म्हणतात. ऐकलं असतं तर कदाचित हात थांबला असता. त्यानं ऐकलंच नाही. नुसती पट्टी बघून दोन मिनिटं उचलली, काढून टाकली आणि भाग सोडून दिला.

पंचाक्षरी आनंदात होता. तीन दिवसांत कुणीही तक्रार केली नाही. चौथ्या दिवशी शांतम्माचा फोन आला.

होसवाडीची माणसं सकाळपासून शाळेच्या पटांगणात बसून होती. बायका, म्हातारी माणसं, बाटल्यांत भरून आणलेलं विहिरीचं लाल पाणी. कुणीच येईना. दुपारी कळलं की सुनावणीची जागा बदलून तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात नेली होती. जाहिरात एका इंग्रजी पेपरात कोपऱ्यात. ट्रॅक्टर जोडून माणसं तिथे पोचली तेव्हा खुर्च्या उचलणं चाललं होतं. इतिवृत्तात लिहून झालं होतं, होसवाडीतून कोणीही हरकत घेतलेली नाही.

"ताईनं कसं काय सांगितलं न्हाई ओ?" शांतम्मा विचारत होती. "आमी दोनदा लावून ऐकलं. ह्या खेपेला कन्नडच न्हवतं."

धनलक्ष्मी संध्याकाळी आली. भांडायला नव्हती आली.

"अण्णा, जागा बदलल्याचा फोन मला इथंच आला होता. मी कन्नडमध्ये सांगितलं होतं. ते गेलं का नाही?"

"मी ऐकलं नाही," पंचाक्षरी म्हणाला. "कापलं."

"न ऐकता?"

त्यानं मान डोलावली. का, ते तिनं विचारलं असतं तर त्यानं कदाचित सांगितलं असतं. तिनं विचारलं नाही. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "माईक लावा."

सुनावणी परत घ्या म्हणून अर्ज कसा करायचा, ते तिनं आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये सांगितलं. आणि शेवटी दोन्ही भाषांत म्हणाली, "होसवाडीच्या लोकांची मी माफी मागते. जागा बदलल्याचं मला माहीत होतं आणि ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही. चूक माझी आहे. हा कार्यक्रम पंचाक्षरी बिराजदार तयार करतात. त्यांचा यात काही दोष नाही."

ती गेल्यावर पंचाक्षरीनं हेडफोन लावून ते अनेकदा ऐकलं. लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण लाजेच्या आधी पोचली ती जळजळच. कारण ती अप्रतिम बोलली होती. एक श्वास इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. चूक तेवढी त्याची स्वतःची होती, तीही पोरगी उचलून घेऊन गेली, आणि आता लोक त्यासाठीही तिच्यावर जीव टाकणार. टाकलाच. भाग त्यानं सोडला आणि रात्रीच्या जेवणाआत फोन भरून गेला. ताई, तुमी रडू नका. ताई, चूक कुणाची होत न्हाई? शांतम्मानं तर गिरणी बंद ठेवून अर्जावर सह्या घ्यायला सुरुवात केल्याचं कळवलं.

घरी काशम्मा उंबऱ्यातच फोन घेऊन उभी. डोळे पुसत होती आणि हसतही होती. "अवो, आलं की तुमचं नाव! माझ्या भावाला लावून दाखवलं, शेजारी दाखवलं. कसं स्पष्ट घेतलंय बघा." तिनं तेवढंच वाक्य परत लावलं. पंचाक्षरी बिराजदार तयार करतात. त्यांचा यात काही दोष नाही.

"बंद कर ते," पंचाक्षरी म्हणाला.

"का ओ?"

"चूक माझी हाय. तिनं सांगितलं होतं. मीच कापलं." आणि मग उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगून टाकलं. पुण्याचं बोलावणं, न ऐकता उचललेली दोन मिनिटं, पोटातली जळजळ, सगळं.

काशम्मानं फोन खाली ठेवला.

"म्हंजे ही खोटं बोललीय तुमच्यासाठी," ती म्हणाली. "आणि हे तुमच्या हातातनंच गेलं. मग हे का न्हाई कापलं?"

"त्यात माझं नाव होतं," पंचाक्षरी म्हणाला.