मुख्य खातं भावाच्या नंबरवर

गाडी मी माझ्या मनाने घेतली. चार्जर मात्र भावाने निवडला.

मी धुळ्यात राहते आणि दोंडाईच्याला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. कित्येक वर्षं हा प्रवास एसटीने केला. नवरा होता तेव्हा संध्याकाळी तो स्टँडवर घ्यायला यायचा. तो गेल्यावर रिक्षा शोधत उभं राहणं आलं. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा एका उन्हाळी सुट्टीत ड्रायव्हिंग शिकून घेतलं आणि विजेवरची लहान गाडी बुक केली. भाऊ म्हणाला, "अक्का, या वयात?" पण हसत म्हणाला. लायसन्सच्या परीक्षेला तोच जळगावहून आला होता आणि मैदानाबाहेर उन्हात उभा राहिला होता.

तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. वडील रेल्वेत, आई घरकामात, त्यामुळे त्याचा अभ्यास माझ्याकडे असायचा. आता तो जळगावच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिकलची कामं घेतो. माझा नवरा गेला त्या वर्षी तो दर आठवड्याला धुळ्याला यायचा. काही बोलायचा नाही. पंखा दुरुस्त करायचा, टाकीचा बॉल बदलायचा, जेवून परत जायचा. विजेच्या कुठल्याही गोष्टीसाठी दुसऱ्या कुणाला विचारावं, हे माझ्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

चार्जर निवडायला तो एका रविवारी दोन कंपन्यांची माहितीपत्रकं घेऊन आला. आम्ही पुढच्या खोलीत बसलो. एक होता साधा, भिंतीवर बसवायचा डबा. वायर गाडीला लावली की चालू, काढली की बंद. दुसरा स्मार्ट.

"यात जास्त काय आहे?" मी विचारलं.

"इंटरनेट. फोनवरून चालू-बंद करता येतो. किती युनिट लागले, कधी लागले, सगळं दिसतं. वेळ लावून ठेवली तर वीज स्वस्त असेल तेव्हा आपोआप सुरू होतो."

"मला कशाला ते? संध्याकाळी लावायचं आणि सकाळी काढायचं. माझं तेवढंच काम."

त्याने साध्या चार्जरचं पत्रक बाजूला सारलं. "तू एकटी राहतेस, अक्का. काही बिघाड झाला तर मला जळगावात बसून कळेल. साधा डबा जळाला तरी मला कोण सांगणार?"

तू एकटी राहतेस, हे वाक्य मी इतक्यांदा आणि इतक्या लोकांकडून ऐकलेलं आहे की त्यावर काही बोलायचं मी केव्हाच सोडून दिलं आहे. पण भावाने ते म्हटलं की मला बरं वाटायचं. मी म्हटलं, घे मग तोच.

वीज कंपनीकडून मीटरचा लोड वाढवून घेणं, अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून नवीन अर्थिंग करणं, पोर्चमधल्या भिंतीपर्यंत जाड केबल आणणं, सगळं त्याने उभं राहून करवून घेतलं. मी फक्त चहा केला. शेवटी ॲपमध्ये नोंदणी करायची वेळ आली, तेव्हा त्याने स्वतःचाच नंबर टाकला. "ओटीपी, अपडेट, यात तू कुठे पडतेस? मी बघतो. तुझ्या फोनवरही दिसेल." माझ्याही फोनवर ॲप आलं. त्यात गाडीचं चित्र होतं आणि चार्जिंग सुरू असताना एक हिरवी पट्टी हळूहळू भरत जायची. गाडीबरोबर साध्या प्लगची एक केबल आली होती. आता हिचा काय उपयोग, एका साइटवर कामाला येईल, असं म्हणून ती तो घेऊन गेला.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मी आता रविवारीही बाहेर पडायला लागले होते, आणि त्याला एक कारण होतं.

आमच्या कॉलेजात पूर्वी एक ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन ते पारोळ्याला आपल्या घरी राहायला गेले. पत्नी आधीच वारलेल्या. एका नकाशाच्या पुस्तकाच्या निमित्ताने त्यांचा फोन आला, मग फोन येत राहिले. मग एका रविवारी मी गाडी घेऊन पारोळ्याला गेले. त्यांनी किल्ला दाखवला, घरी नेऊन स्वतः केलेली खिचडी वाढली. मी त्यांना सर म्हणते आणि ते मला मॅडम म्हणतात. अजूनही म्हणतात. पुढे बहुतेक रविवारी मी जायला लागले. आम्ही काही ठरवलेलं नव्हतं, म्हणून कुणाला सांगण्यासारखंही काही नव्हतं.

त्या दिवसांत भाऊ फोनवर सहज विचारायचा, "रविवारी काय करतेस ग?" मी म्हणायची, "काही नाही, इकडेतिकडे." तो "बरं" म्हणायचा. मला वाटायचं, चौकशी करतोय.

मग एके दिवशी सरांनी लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. त्यांची मुलगी नाशिकला नोकरी करते. ती एका रविवारी दुपारपर्यंत पारोळ्याला असणार होती आणि तिला मला भेटायचं होतं. मी ही गोष्ट जगात फक्त एका माणसाला सांगितली, आईला. आई जळगावला भावाकडे असते. फोनवर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जाऊन ये. बघ." मला वाटलं, आईने परवानगी दिली.

त्याच्या आदल्या दिवशी मी दोंडाईच्याहून येताना एका सहकारी मैत्रिणीच्या घरी नरडाण्याला गेले होते. घरी आले तेव्हा बॅटरी जवळपास संपलेली होती. दिव्याकडे न बघताच गाडी चार्जरला लावली, नव्या साडीला इस्त्री केली आणि झोपले.

सकाळी गाडीत बसले तर बॅटरी होती तेवढीच. चार्जरवर लाल दिवा होता. वायर काढून पुन्हा लावली, मेन स्विच बंद करून चालू केला. लाल तो लालच. पारोळा सोडा, हायवेवरच्या हॉटेलातल्या चार्जरपर्यंत गाडी पोचेल याचीही खात्री नव्हती. भावाला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. मग डब्यावर छापलेल्या कंपनीच्या नंबरवर फोन केला.

तिकडून एक मुलगी बोलत होती. तिने माझा नंबर विचारला, थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, "मॅडम, मशीनमध्ये काही बिघाड नाही. काल संध्याकाळी मुख्य खात्यातून ते लॉक केलेलं आहे."

"मुख्य खातं माझंच आहे. घर माझं आहे."

"नाही मॅडम. तुमचा नंबर पाहुणा म्हणून नोंदवलेला आहे. पाहुण्याला लॉक काढता येत नाही. ज्यांचा नंबर मुख्य आहे त्यांना तुम्ही सांगा ना."

ती अदबीने बोलत होती. मी तिला धन्यवाद म्हटलं आणि पोर्चमध्ये खुर्ची होती तिच्यावर बसले. आधी वाटलं, त्याच्या हातून चुकून झालं असेल. लगेच आठवलं की त्याने दोनदा फोन उचललेला नाही, आणि तो रविवारी सकाळी हातात फोन घेऊनच पेपर वाचतो. मग आईचं ते गप्प राहणं आठवलं. मी आईला सांगितलं होतं, आईने त्याला सांगितलं, आणि त्याने जळगावात बसून, बोटाने, माझ्या पोर्चमधली वीज बंद केली. मला फोन करून 'जाऊ नकोस' म्हणण्याएवढीही किंमत त्याने मला दिली नव्हती.

मी एसटीने गेले. बसला उशीर झाला. पारोळ्याला पोचले तेव्हा सरांची मुलगी बॅग भरून दारात बसली होती. तिने माझ्यासाठी आपली बस सोडून पुढच्या बसने जायचं ठरवलं होतं. मला पाणी देताना म्हणाली, "बाबा सांगत होते, तुम्ही स्वतः गाडी चालवत येता."

"आज चार्ज झाली नाही," मी म्हटलं. सख्ख्या भावाने असं केलं, हे परक्या मुलीला कसं सांगायचं? ती मनमोकळी मुलगी होती, खूप बोलली. मी नीट ऐकू शकले नाही. आयुष्यातली एक चांगली दुपार होती ती, आणि मी तिथे अर्धीच होते.

सर मला बसमध्ये बसवायला आले तेव्हा मी धुळ्याच्या नाही, जळगावच्या गाडीत चढले. त्यांनी खिडकीतून माझी पिशवी आत दिली.

भावाच्या घरी दार आईने उघडलं. माझ्याकडे बघून ती आतल्या बाजूला वळली. भाऊ सोफ्यावर होता. त्याने टीव्ही बंद केला.

"चार्जर तू बंद केलास?"

"बस तरी."

"तू बंद केलास का?"

"एका दिवसासाठी केला," तो म्हणाला. "तू घाई करतेस असं वाटलं. एक रविवार गेला असता तर शांतपणे विचार केला असता. अक्का, त्या लोकांची भावकी मोठी आहे, शेतीवाडी आहे. आपण बौद्ध. सर चांगले असतील, पण त्यांच्या घरात तुला कोण काय बोलेल, तू कशी ऐकून घेशील? तुला सांगून तू ऐकली नसतीस."

"तू सांगितलंसच कुठे?"

त्याने हातातला रिमोट बाजूला ठेवला.

"रविवारी मी नसते, हे तुला केव्हापासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून." मग खाली बघत म्हणाला, "मी रोज बघायचो. संध्याकाळी चार्जिंग सुरू झालेलं दिसलं की वाटायचं, पोचली अक्का घरी. मग मी जेवायला बसायचो."

हे ऐकून क्षणभर मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. पण त्याच वेळी हेही कळलं की वर्षभर माझं जाणं-येणं कुणीतरी बघत होतं, आणि ते मला ठाऊक नव्हतं. 'काही नाही, इकडेतिकडे' असं मी म्हणायची तेव्हा त्याला ते खोटं आहे हे माहीत असायचं, आणि तो 'बरं' म्हणायचा. तो काळजीने बघत होता, हे मी मान्य करते. पण काळजी होती तर लपवून कशाला?

आईने चहा आणून ठेवला. तिला रडू येत होतं. ती चिडली किंवा घाबरली की गावाकडची अहिराणी बोलते. "त्यानी करं ते बठ्ठं तुनासाठेच शे ना, माय," ती म्हणाली. म्हणजे त्याने केलं ते सगळं माझ्यासाठीच.

"आई, मी फक्त तुला सांगितलं होतं."

त्यावर ती आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

भावाने फोन काढला. "आत्ता लॉक काढतो. मुख्य खातंही तुझ्या नंबरवर करून देतो." त्याच्या ॲपमध्ये माझ्या चार्जरला त्याने नाव दिलेलं होतं, 'अक्काचं घर'. मी म्हटलं, राहू दे. मला ते यंत्रच नको आहे.

तो मला स्टँडवर सोडायला निघाला. मी रिक्षा केली.

पुढच्याच आठवड्यात धुळ्याच्या एका इलेक्ट्रिशियनला बोलावून मी तो डबा उतरवला. नवीन घ्यायला दुकानात एकटी गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, सोबत कुणी आलंय का? थोडं टेक्निकल आहे." मी म्हटलं, मलाच समजावून सांगा. त्याने सांगितलं, मला समजलं, तसं अवघड काही नव्हतंच. किती अँपिअर, केबल किती जाडीची, पावसाचं पाणी आत जाणार नाही ना. त्यानेही स्मार्टच घ्या म्हणून खूप आग्रह केला. मी इंटरनेट नसलेला मागितला. तो लावताना भावाचा फोन आला. मी आईला म्हटलं होतं, तिने सांगितलं असावं. "मी येऊन बसवून देऊ का?" मी नको म्हटलं. तो "बरं" म्हणाला. आणि तो शब्द ऐकून मला पुन्हा संताप आला.

तेव्हापासून आमचं बोलणं आहे, पण ते तब्येतीचं, उन्हाचं, आईच्या गोळ्यांचं. त्याने माफीही मागितली, एकदा, नीट, शब्द जुळवून. मी ठीक आहे म्हटलं. तसं ते ठीक झालेलं नाही. आता घरात नळ गळला तरी मी आधी विचार करते की हे त्याला सांगावं का, आणि सांगत नाही.

हिवाळ्यात सरांचं आणि माझं लग्न धुळ्याच्या नोंदणी कार्यालयात झालं. सरांची मुलगी आली होती, आई आली होती, कॉलेजचे काही लोक होते. भाऊ आईला घेऊन आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून तो भिंतीपाशी उभा होता. साक्षीदारांना पुढे बोलावलं तेव्हा माझे तीन सहकारी टेबलापाशी गेले. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. भाऊही एक पाऊल पुढे आला होता. त्याच्या हातात त्याचं आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स होती. त्याने गृहीत धरलं होतं.

टेबलापाशी तिघे उभे आहेत हे त्याने पाहिलं. मग त्याने ते कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवले आणि आईसाठी खुर्ची शोधायला गेला.

मला ते दिसलं होतं. कारकुनाने माझ्यापुढे पेन धरलं आणि मी सही केली.