मीनाला दाणे चालत नाहीत

घरात एक पदार्थ बंद झाला की त्याच्या जागी गोष्टी जमायला लागतात. आमच्याकडे शेंगदाणा बंद झाला. स्वातंत्र्यानंतरची ती पाच-सहा वर्षं आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या चाळीत राहायचो. मीना अडीच वर्षांची. संक्रांतीचा एक तिळगूळ खाल्ला आणि तिचे ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या. त्यात दाण्याचं कूट होतं.

कल्याणचे डॉक्टर म्हणाले, "ही ॲलर्जी आहे." शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. सासूबाई जरा कमी ऐकायच्या. त्या ताडकन उठल्या. "डॉक्टर, आमची सून कशीही असो, पण तिची हलगर्जी मुळीच नाही."

लग्नाला पाच वर्षं झाली होती. सासूबाईंनी माझी बाजू घेतली ती तेव्हा पहिल्यांदा. मी शब्द दुरुस्त करायला गेलेच नाही!

* * *

घाण्याचं गोडं तेलही शेंगदाण्याचंच, तेही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी सगळा स्वयंपाक खोबरेल तेलात सुरू केला. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आमच्याकडे खोबरेल फक्त बाटलीत आणि केसांत. पहिल्या दिवशी यांनी वांग्याची भाजी चाखली आणि शांतपणे विचारलं, "खाऊ, की डोक्याला लावू?"

खाल्ली मात्र. पुढे रोज खाल्ली.

* * *

उल्हासनगर कॅम्पातून एक सिंधी बाई पापड विकायला यायच्या. सगळी चाळ त्यांना दादी म्हणायची. सिंधमधलं घरदार सोडून आलेल्या, पण पोरांसाठी जीव टाकणाऱ्या. मी त्यांना माझ्या हिंदीत सांगून ठेवलं, "मीना को दाना मत देना."

दुसऱ्या दिवसापासून दादी मीनासाठी केळी आणायला लागल्या. मग चिकू, मग लोटाभर दूध. पैसे घेईनात. आठवड्यानं त्या आल्या तेव्हा मीना पोळी खात बसली होती. दादींनी ती तिच्या हातातून हिसकावून घेतली आणि रडायलाच लागल्या. त्यांना वाटलं होतं, पोरीला गहू, तांदूळ, डाळ, कुठलाच दाणा चालत नाही! मूंगफली म्हटल्यावर त्या मटकन खाली बसल्या. "इतनी सी बात? मैं तो हफ्ते से मन्नत मांग रही हूँ."

* * *

शेजारच्या साठेबाईंना हे सगळं थोतांड वाटायचं. थोडं थोडं दिलं की सवय होते, असं त्यांचं मत. एका एकादशीला त्यांनी मीनाला गुपचूप खिचडीचा एक चमचा भरवला.

पाच मिनिटांत पोरीचा आवाज बसला, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी तिची पाठ चोळत राहिले. साठेबाईंनीच तिला उचललं आणि अनवाणी दवाखान्यापर्यंत पळत गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं, वरणभात. साठेबाई पुढे झाल्या. "नाही डॉक्टर. माझ्या हातून दाण्याचं कूट गेलंय."

डॉक्टरांनी लगेच सुई टोचली. मीनाचा श्वास मोकळा होईपर्यंत साठेबाई दाराबाहेर उभ्या होत्या. मी बाहेर येऊन त्यांचा हात धरला. त्यानंतर साठेबाईंच्या घरची खिचडी ओल्या खोबऱ्यातच व्हायची.

* * *

मीना पाच वर्षांची असताना माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरी, चामटोलीला, बारशाला गेलो. मी मीनाचा डबा बरोबर नेला होता. बहिणीचे सासरे करारी माणूस, अख्खं गाव त्यांना वचकून. पाहुण्याच्या पोरीपुढे घरचा डबा बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मीनालाच कारण विचारलं.

"दाणे खाल्ले की मला श्वास येत नाही," ती म्हणाली.

आजोबा उठून उभे राहिले. चाळीस माणसांची पंगत थांबवली आणि प्रत्येक पानावरची दाण्याची चटणी उचलायला लावली. मग मीनाला म्हणाले, "जा पोरी, आता तूच बघून घे. कुठं राहिली असंल तर सांग."

मीना हात पाठीमागे बांधून एकेक पान बघत निघाली. सगळी पंगत फिरून ती आजोबांच्या पानापाशी थांबली, खाली वाकली आणि त्यांची भाकरी हळूच वर उचलून तिनं खालीही बघितलं.