बिशपवरून माघारी

आमच्या गावात नदीन टॉलिव्हरइतके दालचिनी रोल फुकट कुणी खाल्ले नसतील. ती शाळेची बस चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी ग्रँटबरोबर आणि माझ्याबरोबर स्की घेऊन डोंगरात यायची. आमचा नियम तिनेच घातलेला. एकाने जरी "नको" म्हटलं तरी सगळ्यांनी मागे फिरायचं, कारण विचारायचं नाही. शिवाय, खाली आल्यावर नको म्हणणाऱ्याला बाकीच्यांनी रोल खाऊ घालायचा, म्हणजे पुढच्या वेळी त्याची जीभ अडखळत नाही.

नदीनची कधीच अडखळली नाही. वाऱ्याने सगळा बर्फ एका कुशीला लोटलाय, नको. ऊन लवकर तापलं, नको. पायाखालचा बर्फ 'धप्प' करून खचला, मग तर नकोच.

"दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो," आमचा प्लंबर ग्रँट म्हणायचा. "ही बाई ताकाचं नाव काढलं तरी घरी जाते."

तोंड पोळलं होतं, हे खरं. तिचा नवरा रॉय हिमस्खलनात गेला. उतारावर आदल्या दिवशीच्या स्कीच्या रेघा होत्या. काल माणसं गेली म्हणजे आज चालतं, असं त्याला वाटलं. ही चूक आमच्याकडे शहाणी माणसंच करतात.

नदीनला एकच उतार उतरायचा होता, बिशप. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो दिसतो. रॉय आणि ती मिळून जाणार होते. यंदा डॉक्टरांनी तिचा गुडघा बदलायचा ठरवला आणि पुढे स्की बंद म्हणून सांगितलं. म्हणजे जे काय व्हायचं ते याच मार्चमध्ये.

सकाळ कडक थंडीची होती. माथ्यावर नदीनने खड्डा खणला, बर्फाचा ठोकळा कापला, त्यावर फावडं ठेवून थापा मारल्या. ज्यावरून वरचा बर्फ घसरतो, तो साखरेसारखा सुटा थर खाली कुठेच नव्हता. ठोकळा हलला नाही.

"चालेल," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

एकेकाने उतरायचं, आधी तिने. तिने बूट आवळले आणि उताराच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"नको," ग्रँट म्हणाला.

ती बराच वेळ बिशपकडे बघत राहिली. मला ग्रँटचं नरडं धरावंसं वाटलं. मग तिने स्की वळवल्या आणि म्हणाली, "चला." आम्ही आलो तसे धारेवरून खाली उतरलो. कॅफेत तिने ग्रँटसाठी रोल मागवला.

"बर्फ चांगला होता," ग्रँट म्हणाला. "तू कडेला उभी राहिलीस आणि मला भीती वाटली, एवढंच."

"तुला कुणी विचारलंय? खा."

त्या हिवाळ्यात बिशपवरचा बर्फ घसरला असता तर ग्रँटला बरं वाटलं असतं. तो घसरला नाही. जूनपर्यंत रोज थोडाथोडा, अगदी सभ्यपणे वितळला.

नदीनचा गुडघा बदलल्यानंतर ग्रँट तिचा नळ दुरुस्त करायला गेला. मीही होतो. समोर खिडकीत बिशप.

"माझा राग येतो का गं?" ग्रँटने सिंकखालूनच विचारलं.

"येतो. रोज भांडी घासताना येतो."

"मग तेव्हा बोलली का नाहीस? कारण तरी विचारायचंस."

नदीन काठी टेकून खुर्चीत बसली.

"रॉय गेला त्या सकाळी मी नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "त्याने कारण विचारलं. मला सांगता आलं नाही."