अर्ज वर, बारसं खाली

सगळा घोळ साडीमुळे झाला. म्हणजे खरं तर माझ्या तोंडामुळे झाला, पण सुरुवात साडीने झाली.

आमच्या ज्ञातीचा गिरगावात एक जुना ट्रस्ट आहे. खाली लग्नामुंजीचा हॉल, वर ऑफिस. शिक्षणाला आणि आजारपणाला मदत देतात. आमची दोन बाळं पोटातच गेली. पहिलं नवव्या आठवड्यात, दुसरं पाचव्या महिन्यात. परळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आयव्हीएफ करून बघू या. खर्च ऐकून नवरा लिफ्ट सोडून जिन्यानेच निघाला. पाच मजले उतरेपर्यंत बोटांवर आकडे मोजत होता. आमचं होतं-नव्हतं ते सगळं घातलं तरी पुरत नव्हतं. म्हणून हा अर्ज.

अर्जात एक रकाना होता, ‘अपत्ये’. नवऱ्याने फटकन शून्य लिहिलं.

मी म्हटलं, “अरे, थांब ना!”

“मग काय लिहू?”

मी त्याचं पेन धरून ठेवलं. शून्य बरोबरच होतं ना? मग ते खोडावंसं का वाटलं, काय माहीत.

मुलाखत रविवारी. जायचं काय घालून? मी म्हटलं साधा ड्रेस घालते, जरा गरजू दिसू. सासूबाई लालबागच्या आमच्या एवढ्याशा खोलीत कपाटासमोर ठाण मांडून बसल्या. “मदत मागायला चाललीयस, भीक नाही. नारायणपेठ नेस.” वर गजरा पण माळला. नवऱ्याला कडक इस्त्रीचा कुर्ता. निघताना आम्ही कुणाच्या तरी लग्नाला चाललोय असंच वाटत होतं.

आणि हॉलमध्ये बारसं होतं!

ऑफिसचा जिना हॉलच्या आतूनच जातो. दारात पाऊल टाकतोय तोच अंगावर गुलाबपाणी. एका काकूंनी मला हळदीकुंकूही लावून टाकलं.

“इतका उशीर? मुलाकडचे की मुलीकडचे?”

नवरा म्हणाला, “नाही हो, आम्हाला वर जायचंय.”

“एवढ्यात? आधी जेवा तरी!” म्हणून त्या स्वतःच्याच जोकवर खदाखदा हसल्या.

वर ऑफिसला कुलूप. कुणीतरी म्हणालं, अजून अर्धा तास आहे, बसा खाली. बसलो. समोर फुलांनी सजवलेला पाळणा. मी पंख्याकडे बघत होते. मुद्दामच.

तेवढ्यात हिरव्या पैठणीतल्या एक आजी भरभर माझ्याकडे आल्या. बाळाच्या आजी. “अगं, पाच सवाष्णी लागतात, एक कमी पडतेय. तू चल.” मी उठलेसुद्धा! मग त्या कानाशी वाकल्या, “लेकुरवाळी आहेस ना गं? नाही म्हणजे, आमच्यात बघतात.”

आणि मी म्हणाले, “हो. दोन.”

शप्पथ सांगते, विचार करून नाही बोलले. आलंच ते बाहेर. मागे वळले तर नवरा सरबत पीत होता, त्याने काही ऐकलं नव्हतं.

पाळण्याच्या एका बाजूला मी. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ सुरू झालं. आधी टोपडं घातलेला वरवंटा पाळण्याखालून देतात आणि वरून घेतात, मग बाळ. वरवंटा इतका गार आणि जड की सुटतोय की काय असं वाटलं. आणि मग बाळ आलं. त्याला वजनच नव्हतं. जांभई दिली त्याने माझ्या हातात. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मी चक्क हसत होते. कसं काय? मला अजूनही कळत नाही.

अर्ध्या तासाने वरून हाक आली. टेबलामागे जाड चष्म्याचे चिटणीस काका आणि एक पेंगणारे गृहस्थ. तिसरी खुर्ची रिकामी. नवरा खर्चाची कागदं मांडतोय तोच दार उघडून धापा टाकत तिसऱ्या सभासद आल्या. हिरवी पैठणी!

मी पदर ओढून खाली बघायला लागले.

आजींनी अर्ज वाचला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “इथे अपत्ये शून्य. खाली तर मला दोन म्हणालीस.”

नवरा माझ्याकडे बघायला लागला.

चिटणीस काका हळूच म्हणाले, “ताई, मूल असेल तर या कारणासाठी अर्ज बसत नाही. नियमच आहे तसा.”

झालं. आता गप्प बसले असते तर अर्ज गेला असता. म्हणून बोलले. “आहेत नाही. होती.”

आजींनी विचारलं, “केवढी होती?”

“एक नऊ आठवड्यांचं. एक पाच महिन्यांचं. पोटातच.”

डॉक्टर सोडून मी हे कुणाला मोठ्याने सांगितलं नव्हतं. तीन महिने झाल्याशिवाय कुणाला बोलायचं नाही, त्यामुळे पहिलं तर सासूबाईंनासुद्धा ते गेल्यावरच कळलं. खाली माइकवर बाळाचं नाव पुन्हा एकदा जाहीर झालं, टाळ्या वाजल्या. वर पेंगणारे गृहस्थ सरळ होऊन बसले.

आजी म्हणाल्या, “मग हो कशाला म्हणालीस?”

“माहीत नाही.”

चिटणीस काकांनी पेन उचललं. “मग या रकान्यात... शून्यच ठेवायचं ना?”

“राहू दे आहे तसं,” आजी म्हणाल्या आणि सही केली. तिघांत पहिली सही त्यांची.

आम्ही उठलो तशा दारापर्यंत आल्या. माझ्या हातात घुगऱ्यांची पुडी कोंबली आणि हळू आवाजात म्हणाल्या, “खाली कुणाला बोलू नकोस हं.”

टॅक्सीत मी नवऱ्याचं डोकं खाल्लं. “हे त्या कशासाठी म्हणाल्या? मला कुणी बोल लावू नये म्हणून, की बाळाला माझा हात लागला हे कळू नये म्हणून? रागावल्या असतील का? मग सही का केली? सांग ना!”

तो घुगऱ्या खात होता. “मीठ जास्त झालंय.”

“अरे!”

मग तो थांबला. पुडी नीट बंद केली. “दोन म्हणालीस ते मला आवडलं,” म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

मदत मंजूर झाल्याचं पत्र परवा आलं. तिघांच्या सह्या. उद्यापासून इंजेक्शनं सुरू. आनंद झालाय, खूप झालाय, सासूबाईंनी तर पत्र देवापुढे ठेवलंय. पण रात्रंदिवस आजींचं ते ‘बोलू नकोस’च डोक्यात फिरतंय. आजींना फोन करून विचारू? काय विचारू पण? आणि उद्या दवाखान्यात त्या फॉर्म भरणाऱ्या बाईंनी विचारलं, मुलं किती, तर माझ्या तोंडून काय निघेल, ते मलाच माहीत नाही.