मंगलच्या जागी कोण बसणार

मंगल गेली ते मला तिच्या सुनेनं, पूजानं येऊन सांगितलं. मी चिखलीतल्या माझ्या खोलीत तांदूळ निवडत व्हते. पोरगी दारात उभी, पायात चप्पल न्हाई. म्हणली, "मावशी, आई उठंना..." रिक्षा केली, दवाखाना गाठला, डॉक्टरनं बघितलं अन् मान हलवली. महिना होऊन गेला त्याला. रडून झालं माझं. पण जीव थाऱ्यावर न्हाई, कारण गटाच्या कर्जाची वसुली करणारा साहेब आता पूजाच्या मागं लागलाय. सासूच्या जागी तू गटात ये म्हणतोय.

गट आमचा पाच बायकांचा. एकीनं कर्ज घेतलं की बाकीच्या चौघी जामीन. दर मंगळवारी साहेब मंगलच्या खोलीवर यायचा, अन् पाचीजणींचा हप्ता पुरा झाल्याबिगर एकीनं बी उठायचं न्हाई, असा नेम. कर्जच वाईट, असं मी म्हणणार न्हाई. नवरा वारल्यावर मंगलला बँकेत कुणी बसा म्हणलं न्हाई. गटाला कर्ज देणाऱ्यांनी घरी येऊन पैसे दिले. तिनं मोठी शेगडी घेतली, पातेली घेतली, चाकणच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांचे डबे चालू केले. मला म्हणली, "मावशी, लोकांची धुणीभांडी बास झाली. माझ्याकडं चपात्या लाटायला या." तवापासून माझं पोट तिच्या शेगडीवर. माझ्या खोलीवर पत्रे चढले ते बी गटाच्याच पैशानं. डब्याची पोरं चेष्टा करायची, "काकू, भाजीत मीठ टाकलं का मिठात भाजी?" मंगल म्हणायची, "आईला फोन लाव तुझ्या, इचार तिच्या हातचं तरी कधी गोड मानून खाल्लंस का!"

मग कंपन्यांत काम कमी झालं. निम्मी पोरं गावाकडं गेली, डबे घटले. हप्ता काय घटला न्हाई. मंगलनं दुसऱ्या ठिकाणचं कर्ज काढलं अन् पहिल्याचे हप्ते भरायला लागली. छातीत दुखायचं तिच्या. डॉक्टरनं तपासण्या सांगितल्या व्हत्या. कणीक मळता मळता मला म्हणली, "मावशी, मी मेले तर विम्यात कर्ज माफ हाय. आजारी पडले तर न्हाई. आता तुमीच सांगा, काय परवडतंय?"

"थोबाड फोडीन तुझं," मी म्हणले. दोघी हसलो. ते हसणं आता मला झोपू देत न्हाई...

शेवटच्या मंगळवारी गटातल्या सुनीताकडं हप्ता नव्हता. ती ब्लाउज शिवती, गिऱ्हाईक न्हाई, नवऱ्याचा ओव्हरटाइम बंद. समद्या बसून राहिलो. साहेब मोबाईल बघत बसला. आत आमटी आटत चालली, सेकंड शिफ्टच्या पोरांची निघायची येळ झाली. मंगलनं तपासणीला ठेवलेले पैसे काढले अन् साहेबाच्या पुढ्यात टाकले. "घ्या सुनीताचे. उठा गं बायांनो, माझे डबे राहिलेत." सुनीता रडायला लागली तर तिलाच दटावलं, "डोळे पूस, दे सवडीनं." मी म्हणले, तपासणीचं काय? तर म्हणली, पुढच्या आठवड्यात. पुढच्या मंगळवारी आमी तिच्या दहाव्याची तयारी करत व्हतो.

कर्ज माफ झालं, दोन्हीकडचं. बोलली तसंच झालं बघा.

परवा साहेब पूजासाठी कागद घेऊन आला. पाचवी बाई मिळाल्याबिगर गट पुढं चालंना, अन् सुनीताचं शिलाई मशीनसाठीचं नवं कर्ज त्यातच अडकलंय. ती बी आली. "पूजा, तुझ्या सासूनं मला सांभाळलं. तू बी सांभाळ गं." पूजा माझ्याकडं बघाय लागली. "मावशी, करू का सही?"

मी साहेबाला इचारलं, "ही आजारी पडली तर हप्ता थांबतो का?"

"तसं नसतं ओ मावशी. नियम वरून येतात."

"मग नको करू," मी पूजाला म्हणले.

सुनीता ताडकन उठली. "त्याच कर्जावर जगलात की तुमी, मावशी! आता माझी बारी आली तर नको?"

खरं बोलली ती. मी चांगलं केलं का एका बाईचं मशीन बुडवलं... गल्लीत समोरून आली तर सुनीता तोंड फिरवून जाती. मी थांबते, ती थांबत न्हाई.

पूजानं सही केली न्हाई. थोडे डबे करतो आमी दोघी, जमतील तेवढे. काल ती मोरीपाशी डबे घासत व्हती. एकेक झाकण धुवायची, नाकाला लावून वास घ्यायची. कालवणाचा वास राहिला असला की परत राख लावून घासायची. मंगल अस्संच करायची. तिनं हिला शिकवल्याचं मी कधी बघितलं न्हाई. मी बाजूला बसले अन् धुतलेली झाकणं पुसायला घेतली.